निरंक

अशोक चौकातून आत वळलं की तिसऱ्या बोळात आमची शाखा.
दोन खोल्या, एक तराजू, तंबाखूनं पिवळी पडलेली खिडकी,
आणि माझा कॉम्प्युटर, ज्याच्या कीबोर्डमधून
दर शनिवारी मी ब्रशनं भुगा काढतो.
नवा माणूस आधी शिंकतो,
मग कशाला आलो ते सांगतो.

पगाराची स्क्रिप्ट मी लिहिली दिवाळीच्या आधी, दोन रात्रींत.
तिचं नाव टाइप करायचं आणि पुढे, ओळीनं,
मधे एकेक मोकळी जागा सोडून:
कोण, किती हजार, किती छाट, किती उचल.
पहिलं आलं ते $1, दुसरं $2,
खिडकीपुढच्या बायांसारखं, ज्या जागी उभी ती ओळख.
$0 म्हणजे स्क्रिप्ट स्वतः,
आमच्या चेकर मल्लेशमसारखी:
रांगेच्या तोंडाशी, पण रांगेत नाही.

पहिल्याच आठवड्यात नरसव्वा गुंडेटी दुभंगली.
मोकळी जागा दिसली की शेल तोडतं.
नरसव्वा झाली 'कोण',
गुंडेटी झाली 'किती हजार',
आणि तिचे सहा हजार गेले छाटीत.
मालक म्हणाले, नावं कशाला पाहिजेत बे, टोकन टाक.
टाकलं. चौतीस.
चौतीस कुठे तुटत नाही.

मग पौषात, गड्ड्याचे पाळणे उभे राहत होते तेव्हा,
ती आली चिठ्ठी घेऊन.
अक्षर येत नाही तिला, आकडा येतो.
"एमैंदि रा? माझी छाट तीनशे?
चाळीस वर्षं वळते. मल्लेशमला विचार."

मल्लेशमनं वही काढली.
सहा हजार. छाटीच्या रकान्यात काही नाही.
बिनचूक सुपापुढे तो आकडा लिहीत नाही,
नुसती मान हलवतो.
पुढच्या रकान्यात उचल, तीनशे, चष्म्यासाठी.

रात्री थांबून मी स्क्रिप्टला विचारलं, तुझ्यापर्यंत आले किती?
$# म्हणालं, तीन.
चार पाठवले होते.
जे कोरं होतं ते वाटेतच गळलं,
आणि मागची उचल एक पाऊल पुढे सरकून
छाटीच्या जागी येऊन बसली.
कुणी धक्का दिला नाही. कुणी चुकलं म्हणून बोंब मारली नाही.
मीच कधी मोजायला सांगितलं नव्हतं.

दुरुस्ती एवढीशी:
प्रत्येक चलाभोवती अवतरणं, दोन इकडे, दोन तिकडे.
मग आत काही नसलं तरी जागा राहते,
जेवणारा आला नाही तरी पंगतीत पाट मांडलेला असावा तशी.
वर एक अट: चार नसतील तर कसं वापरायचं ते सांग आणि थांब,
अंदाजानं कुणाचा पगार काढू नकोस.
आणि तिसरं कोरं आलं, तर छाप: निरंक.

मालकांना न विचारता एक गोष्ट केली.
चौतीस पुसलं.
"नरसव्वा गुंडेटी" लिहिलं, अवतरणांत,
मोकळ्या जागेसकट एक.
एंटर.

सोमवारी तिनं नवी चिठ्ठी लांब धरली, मग जवळ.
"इथं काय लिहिलंय?"
निरंक.
"म्हणजे?"
काही नाही.
"काही नाही कसं? सहा हजार आहेत."
छाट काही नाही, अम्मा.
"हां. मग तसं बोल."

आणि कंबरेची पिशवी सोडून
दोनशे सदतीस रुपये खिडकीखालून आत सरकवले, सुट्ट्यासकट.
उचल कापायची राहिली होती,
कापली होती फक्त तीनशे विड्यांची मजुरी.
चुकीनं जास्तच गेले होते तिला.
हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.
तिनं पहिल्याच दिवशी मोजलं होतं,
फक्त आधी छाट काढून हवी होती.

चिठ्ठी तिनं सुपात, पानांच्या खाली ठेवली.
मल्लेशम ओरडला, सरका.
सगळ्या एकेक पाऊल पुढे आल्या.