दारामागचा कागद

नळाचं पाणी पिऊ नका.
जेवणानंतर किटलीतून सोनेरी पाणी येईल,
भांड्याच्या तळाशी करपलेल्या भातावर उकळलेलं.
रानुवूला म्हणतात. ते प्या.
पहिला घोट जळका लागतो,
तिसऱ्या दिवशी तुम्हीच मागता.

हिवतापाची गोळी रोज, जेवणासोबत.
घरी परतल्यावरही, डबीवर लिहिलंय तितके दिवस.
मच्छरदाणीला पायाकडे एक भोक आहे.
शिवायचंय. तोवर मोजा कोंबा.

पैसे: आरिआरी.
पण बाजारातली केळीवाली फ्रँकात भाव सांगेल,
केव्हाच बाद झालेल्या.
पाचाने भागा आणि द्या.
फसवत नाही ती.
तिचा नवरा लवंगांची पोती मोजायचा
तेव्हाचे आकडे तिच्या तोंडात बसलेत, एवढंच.

लवंगांवरून आठवलं:
पावसाळ्याआधी त्या रस्त्याकडेला चटयांवर वाळत असतात.
पाय देऊ नका. आमची कुत्रीसुद्धा वळसा घेतात.

वीज संध्याकाळी येते. आली तर.

जानेवारी ते मार्च येऊ नका.
आलाच असाल तर छपराच्या पत्र्याकडे कान ठेवा.
तो वाजायचा थांबला
म्हणजे वादळ थांबलं असं नव्हे,
पत्रा गेला.

पोरं मागून ‘वझाहा, वझाहा’ ओरडतील.
परकी माणसं, एवढाच अर्थ. शिवी नाही.
वळून हसलात तर घरापर्यंत येतील,
नाही हसलात तरी येतील.

मंगळवारी आमच्या खाचरांत कुणी उतरत नाही.
फादी आहे. फादी म्हणजे करायचं नाही ते.
का, असं मला विचारू नका.
ज्यांना ठाऊक होतं ते आता वर टेकडीवर आहेत,
आणि त्या टेकडीकडे
सरळ बोट दाखवायचं नसतं.
दाखवायचंच तर बोट वाकवून, असं
(इथे मी हात काढला होता. दमटपणाने शाई फुटली,
आता ते आल्याचं मूळ दिसतं.
सकाळी चहाच्या वेळी विचारा, करून दाखवीन.)

होडी पहाटे पाचला.
दुपारनंतर उपसागरात जायचं नाही.
कुणी म्हणेल, पाणी बघा कसं तेलासारखं,
चला, अर्ध्या पैशात नेतो. नाही.

ही ओळ नंतरची आहे, म्हणून शाई निळी.
आधी इथे लिहिलं होतं:
‘माझा भाऊ बेझारा कधीही नेईल, हाक मारा.’
दोन रेघा ओढल्यात,
तरी उजेडात धरलं की वाचता येतं.

एका पाहुण्याचं विमान होतं.
तिप्पट देतो म्हणाला, चांगला माणूस,
आदल्या रात्री त्याने माझा रेडिओ दुरुस्त केला होता.
तो सापडला, सुटकेसला मिठी मारलेला, जिवंत.
बेझाराचं फक्त वल्हं आलं,
तेही अकराव्या दिवशी, दुसऱ्याच गावाला.

आणि विमान त्या दिवशी आलंच नव्हतं.

म्हणून: विमान वेळेवर येईल असं धरू नका.
मध्ये दोन दिवस मोकळे ठेवा.
तीन ठेवलेत तर उत्तम, चादरी धुऊन देईन.

जुलै ते सप्टेंबर देवमासे येतात, पिल्लं घेऊन.
होडीतून बघायचे तर पहाटेच.
व्हरांड्यातून बघायला वेळेचं बंधन नाही,
खुर्ची मात्र डावीकडची घ्या,
उजवीचा पाय निसटतो.

रस्त्यात कुणी भेटलं की म्हणा: म्बुला त्सारा.
अजून बरं आहे, असा त्याचा अर्थ.
उत्तरही तेच येतं.
पहिल्या वर्षी मला ते तोंडातून काढता येईना.
आता म्हणते. बोलायला लागतंच काहीतरी,
माणूस समोर उभा असतो.

किल्ली जाताना खिळ्याला लावा.
रेडिओ हवा असेल तर माझ्याकडे आहे, चालतो.

— सुआझारा