चौथा धोटा

होळीच्या आधीच विहिरीनं तळ दाखवला,
म्हणून दुसरा घाणा मी रंगवला बोअरच्या पाण्यात.
पळसाची फुलं त्याच पोत्यातली,
तुरटी माझ्याच मुठीनं मोजलेली,
पातेलंसुद्धा तेच, एक कान तुटलेलं.
तरी कोसा बाहेर आला तो दुसऱ्याच घरचा होऊन.
पहिल्या लडी होत्या पिकल्या टेंभरांसारख्या,
या जणू पावसात विसरलेला विळा.

आमच्या बोअरच्या पोटात लोखंड आहे.
आंधळगावातल्या प्रत्येक पांढऱ्या धोतराला हे माहीत,
मलाच त्या दिवशी आठवलं नाही.

मागावर साडेतीन वार झालेलं,
अडीच बाकी.
बिसन दिघोरे ऐनाच्या झाडांवरून कोष उतरवेल
तो थेट दिवाळीकडे.
आणि नागपूरच्या दुकानातून आलेल्या कागदाला
टाचणीनं लावलेली बोटभर चिंधी:
रंग हाच पाहिजे, अथपासून इतिपर्यंत.

उसवावं तर कोसा रुसतो,
त्याला एकदाच विणता येतं.
दोन दिवस मी खड्ड्यात पाय सोडून नुसती बसले,
पावड्या गार,
फणीवर कोळ्यानं आपलं काम सुरू केलं.

तिसऱ्या दिवशी जवारी दळायला काढली.
जुनी कोठीच्या तळाशी आलेली, नवी अजून ओलसर,
तेव्हा दोन्ही मिसळते मी दरवर्षी,
आधी नवीचं एक ओंजळ, मग दोन, मग निम्मंनिम्म.
आजवर ताटावर बसलेल्या कोणी म्हटलं नाही
की अमुक भाकरीपासून चव बदलली.
सूप तसंच टाकून उठले.

करवतकाठीला तीन धोटे लागतात,
दोन काठांचे, एक अंगाचा.
मी चौथा घेतला.
पलीकडच्या बाजूला बसवली शेजारची पमी,
नववी नापास, पण आकड्यांना पक्की.
सात उजळ, एक गंजका.
सात, एक.
हातभर झाल्यावर सहा, एक.
तिकडून ती धोटा फेकायची, इकडून मी झेलायची,
काठाचे लाल दात एकमेकांत अडकत पुढं सरकायचे,
आणि पमी वहीत रेघा मारायची
दूधवाल्यासारख्या.
'मावशी, चार-एक का आता?'
'नाही व, अजून थोडं थांब, याला घाई आवडत नाही.'
हे कोणी मला शिकवलं नव्हतं.
माझ्या मांडीलाच कळायचं
कापड कधी हो म्हणते ते.

एके रात्री लाइट गेली.
मेणबत्ती कोशाजवळ न्यायची सोय नाही.
अंधारातच विणलं तीन बोटं,
रंग दिसत नव्हता, तेव्हा धोट्याच्या वजनावर ओळखला:
गंजका जरा जड लागतो,
की मला तसं वाटायचं.

रविवारी गोपीचंद बुटीबोरीहून आले.
सहा वर्षं झाली, त्यांच्या हातात धोट्याच्या जागी टॉर्च आहे,
कुठल्याशा कंपनीच्या फाटकावर.
लुगडं खाटेवर पसरलं,
म्हटलं, सांगा बरं कुठून बदललं.
त्यांनी डोळे मिटले.
बोटं निघाली पदराकडून,
इतकी हळू, की मीच श्वास धरला.
एका जागी थांबली. परत गेली.
पुन्हा आली.
'इथं कोणीतरी बोलत होतं विणताना,' म्हणाले,
'बाकी मला सापडत नाही.'
मग बराच वेळ हात तिथंच ठेवून बसले,
चहा निवला.

दुकानानं घेतलं, पैसे दिले, चिंधीबद्दल चकार शब्द नाही.
त्यांनी ती लावून पाहिली असेल, तर पदरालाच.

वही पमीनं माझ्याकडेच ठेवली.
कधी उघडते.
सात-एक, सात-एक, सहा-एक,
आणि मधेच, लाइट गेली त्या पानावर,
रेघा नाहीत,
वाकड्या अक्षरात एवढंच: मावशीला विचारणे.

तिनं विचारलं होतं.
मी काय सांगितलं, ते त्या तीन बोटांत आहे,
कोणाच्या तरी अंगावर,
कुठल्या गावी कोणास ठाऊक.