ओळख न पटलेला, एक

पहाटे कडूबाई टॉर्चशिवाय पुढे,
मी टॉर्च घेऊन मागे.
"विझवा त्यो," ती म्हणते,
"उजेडात चिखल दिसत न्हाई, नुसता उजेडच दिसतो."

फाल्गुनात नाथसागर मागे सरतो,
जेवून उठणाऱ्यानं पाट मागे सारावा तसा.
उरतो गाळ.
गाळावर कुणाची काकडी, उपटलेल्या हरभऱ्याची भोकं,
शिंपले, एका पायातली चप्पल,
आणि त्यापुढं पाणी, इतकं उथळ
की शेकाट्याचा गुडघाही कोरडा.

मी तीस वर्षं बँकेत कॅशवर होते.
बोट ओलं करून शंभर नोटांचं बंडल
मान वर न करता.
आता तसेच मोजते थापटे:
दहांचा एक गठ्ठा नजरेत धरायचा
आणि तोच पुढं पुढं ठेवत जायचा पाण्यावर.
शंभर. दोनशे. दोनशे चाळीस.
चक्रवाक जोडीनं असतात, म्हणून सोपे.
चांदवे पगाराच्या दिवशीच्या रांगेसारखे, एकमेकांच्या अंगावर.
टिबुकल्या मात्र अफरातफर करतात:
इथं बुडाली, तिथं निघाली,
आणि मी तिला दोनदा जमा धरते.

वनखात्याचा तक्ता माझ्या मांडीवर.
कडूबाई तंबाखू मळतेय. भोयाची लेक.
"ते रोहित हायेत ना उभे, लांबचे, फिकट?
तिथं आमचा शनवारचा बाजार.
अन् ह्या शेकाट्या हायेत तिथं पिठाची गिरणी.
गिरणीवाला वजनात मारायचा."
हे सांगताना अजून तिचा राग ताजा,
पाणी चढलं तेव्हा ती परकरातली होती.

मी दुर्बीण पुढं करते.
ती उलटी लावते डोळ्याला.
मी सांगणार, तोवर म्हणते,
"हां.
येवढंच आठवतं मला."

मग कुठूनसा भोवत्या आला,
एक पंख नुसता तिरका करून गेला.
झालं.
पाण्याचं अख्खं कातडंच उचललं गेलं वर.
बंडलं सुटली, रबरं तुटली,
रोहितांनी पंखाखाली दाबून ठेवलेलं लाल-काळं
एकदम उघडं पडलं
पेटीतल्या इरकलीच्या काठासारखं.
सहाशे सत्तर, मी म्हणत होते, सहाशे सत्तर आणि...
बाजार उठला होता.

"बसतील," कडूबाई म्हणाली. "भाकर खावा."
जवारीची भाकर, झिंग्यांची चटणी, तिखटजाळ.
आम्ही खाल्ली.
बसले. पण कुणी आपापल्या जागी नाही.
गिरणीत आता रोहित, बाजारात कुणीच नाही.
मी पहिल्यापासून सुरू केलं.

शेवटाकडं, पाण्यातून जिथं जुनी गाडीवाट
हातभर वर आलीय,
तिच्या डाव्या चाकोरीतून
एक राखी, बारका पक्षी चालत होता.
चरत नव्हता. चालत होता,
काही काम असल्यासारखा, गावाकडं.
तुतवार नाही. चिखल्या नाही. चोच वेगळी.
पुस्तक चाळलं, पानं दवानं चिकटलेली.
"ह्यो कोण?" मी विचारलं.
कडूबाईनं बराच वेळ पाहिलं.
"ह्यो आपल्यातला न्हाई," म्हणाली.
मग थोड्या वेळानं, "कुणास ठाऊक. आसंलबी."

नऊला गार्ड आला मोटारसायकलवर,
तक्ता घेतला, बोट फिरवलं.
एकूण आठशे तेरा.
त्यात ओळख न पटलेला, एक.
"मॅडम, हा एक काढू का? आठशे बारा लिहितो.
एकानं काय होतंय?"

अरे बाबा,
एक रुपया जास्त निघाला म्हणून
शटर अर्धं ओढून रात्री नऊपर्यंत
बसलेली बाई आहे मी.

राहू दे, म्हटलं.
कडूबाई केव्हाच पुढं निघाली होती,
गाळात तिची पावलं,
आणि तिच्या पावलांत
हळूहळू भरत येणारं पाणी.