डुलुथ, उणे एकोणीस

शाळा बंद. खिडकीच्या निम्म्यापर्यंत बर्फ.
काळ्या चॉकलेटची वडी चिरतो,
गूळ चिरावा तशी,
उडालेले कण बोटानं टिपत.

दूध जाड बुडाच्या पातेल्यात.
"उकळू द्यायचं नाही!"
शर्वाणी, वय आठ, स्टुलावर उभी, माझी मुकादम.
चमचाभर क्रीम. मीठ, चिमटीत मावेल तेवढंच.
रवी घुमते दोन तळव्यांत,
ताकाची सवय तिला; आज हे
तपकिरी, दाट, आळशी.

समोरचे हॅल्व्हर्सनआजोबा पहाटे
आमच्याही दारापुढचा बर्फ उपसून गेले,
न विचारता.
तिसरा कप त्यांचा.

बुटांत पाय कोंबून ती निघते,
कपावर बशी, बशीवर हात,
इतकी हळू
की वाटेतच साय धरेल.

दारात मी. रवीच्या टोकाला थेंब,
पडेल, पडेल...
चाटून टाकतो.