पोमुचमध्ये, हाडं पुसताना

तीन वर्षं पुरी झाली.
वेनान्सिओ आता कोरडा झालाय, काढायला हरकत नाही,
असं कबरस्तानचा रखवालदार म्हणाला, तेव्हा
फिदेन्सियाला वाटलं, हा भट्टीतल्या पावाबद्दल बोलतोय.
वेनान्सिओ असता तर खो खो हसला असता,
पहाटे दोनला उठून जन्मभर
दुसऱ्यांची न्याहारी फुगवत राहिलेला माणूस.

निळी, पिवळी, गुलाबी खोपटी,
माणूस उभा राहणार नाही, पण पेटी मावेल एवढी.
गल्लीत बाया बसल्यात आपापलं माणूस मांडीवर घेऊन.
एक पोर कवटीवरची धूळ फुंकते
आणि तिची आई ओरडते,
अगं हळू, पणजीला शिंका येतील.

पायापासून सुरुवात करायची, हे सासूनं शिकवलेलं.
हात चालू तोवर तोंडही चालू ठेवायचं,
नाहीतर त्यांना वाटतं, परकं कुणी चाचपतंय.
म्हणून ती सांगते:
भट्टीची चिमणी पडली, सप्टेंबरच्या वादळात.
थोरला कान्कूनला हॉटेलात चादरी बदलतो,
दर शुक्रवारी पैसे, दर शुक्रवारी तीच सबब.
तुझी ती लंगडी टर्की अजून जिवंत आहे.
पिठाचा भाव विचारू नकोस.

घोटा. नडगी. गुडघ्याची वाटी, हिच्यात मीठ मावेल.
आधी कुंचला, मग फडका,
मग एकेक बरगडी चिमटीत धरून

सातवीवर बोट अडखळलं.
गाठ.
मोडून पुन्हा जुळलेली, ओबडधोबड,
दोर तुटल्यावर घाईत मारतात तशी.

एकतीस वर्षं एकाच झोळीत झोपले दोघं,
ही कधी हाताला लागली नव्हती.

मग आठवलं.
ती त्याच्याबरोबर पळून आली त्याच महिन्यात
एका रात्री तो उशिरा परतला,
हसता हसता अर्ध्यावर थांबत होता.
पोतं उचलताना उसण भरली, म्हणाला.
तिनं एरंडाची पानं शेकून लावली,
आणि उसण म्हणूनच ती बरी झाली.

चार खोपटी पलीकडे तिचा भाऊ, अन्सेल्मो.
वहिनी मेरिदाला निघून गेली,
तेव्हापासून त्यालाही हीच पुसते.
उजव्या हातात, करंगळीच्या मागचं हाड वाकडं.
घोड्यावरून पडलो, असं तो आईला म्हणाला होता.
घोडा कुणाचा, हे घरात कुणी विचारलं नाही.

फिदेन्सिया उठली, त्याची पेटी घेऊन आली.
बरगडी आणि ते हाड
मांडीवर शेजारी शेजारी ठेवलं.
बराच वेळ बघत राहिली.
गाढवांनो, म्हणाली,
दर रविवारी माझ्या टेबलावर बसून
एकमेकांकडे मिरचीची वाटी सरकवत होतात.

मग दोघांनाही त्याच कुंचल्यानं पुसलं.

नव्या रुमालावर तिनं वेनान्सिओचं नाव भरलंय,
शेवटच्या अक्षराला दोरा संपला म्हणून ते लाल.
लांब हाडं कडेला, कवटी सगळ्यांत वर,
तोंड गल्लीकडे, म्हणजे येणारंजाणारं दिसतं.
रखवालदाराला विचारलं,
या खोपट्यात आणखी एक पेटी मावेल?
त्यानं वितीनं मोजलं.
मावेल, पण दाटीवाटीनं.
असू दे दाटी, ती म्हणाली. भांडायला जवळ बरं.

घरी अंगणात पिब पुरलंय,
मक्याच्या पिठात कोंबडी, केळीच्या पानात बांधून,
निखाऱ्यांवर, वर माती.
तेही आता उकरायला हवं.
ती उठते, मांडीवरची धूळ झटकते.
कुणाची, ते बघत नाही.