नखाएवढी फट

भाऊ मस्कतला गेला आणि मागे ठेवून गेला
बारा आसनांची जेट बोट, तिचे एकतीस हप्ते
आणि करवंटीच्या किचेनला अडकवलेली चावी.
"हिला बाहेर पंखा नाही," जाताना म्हणाला,
"खालून पाणी ओढते, मागून फेकते. सोपं आहे."
सोपं होतंही,
बेतुलला साळ नदीच्या मुखाशी
ओहोटीत मी ती वाळूवरून नेली, त्या दिवसापर्यंत.

मग ती नुसती ओरडायची.
इंजिन चार हजार फेऱ्यांवर
आणि बोट म्हशीसारखी पाण्यात बसलेली.

वास्कोहून कंपनीचा शर्ट घातलेला माणूस आला.
लॅपटॉप जोडला, आणि माझ्या खलाशाला म्हणाला,
"सगळा पंप बदलावा लागेल, मालक."
खलाशी एकोणीस वर्षांचा. लाजला.
सांगितलेल्या आकड्यात वेंगुर्ल्याला
पोटमाळ्यासकट एक खोली उठली असती.

फातोर्ड्याच्या गॅरेजने नऊ दिवस ठेवून घेतली,
आणि धुऊन परत दिली.
बिलात लिहिलं होतं: इंपेलर, नवा.

कुटबणच्या धक्क्यावरचा पोरगा
ट्रॉलरच्या डिझेलवर वाढलेला.
पंपात हात घालून बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला,
"ताई, हें म्हाका कळना."
त्याला मी शंभर रुपये दिले.
त्या हंगामातला तेवढाच खर्च मला पटला.

असोळण्याच्या मिंगेल कुलासचं नाव
मासळीवाल्या इश्पेरांसने सांगितलं, तेही बांगडे मोजता मोजता:
"चोरी करत नाही. बोलतही नाही.
आणि दोन ते चार झोपतो, तेव्हा जाऊ नको."

न्यायच्या आदल्या रात्री
ट्रेलरखाली उताणी पडून मी जाळी काढली,
कोपरापर्यंत हात आत घातला
आणि एका पात्यावर, बाहेरच्या कड्यावर
नेलपॉलिशचा एकेक ठिपका दिला.
चुलतबहिणीच्या लग्नातलं, जांभळट लाल.
फुंकर घालायला तोंड पोचेना.
तशीच पडून राहिले, ते वाळेपर्यंत.

मिंगेलच्या शेडमध्ये दोन मांजरी, एक रेडिओ, बंद.
त्याने टॉर्च धरला, आत बराच वेळ बघितलं,
मग करंगळीचं नख पात्याच्या आणि कड्याच्या मध्ये सरकवलं.
"हांगा," म्हणाला. "नखाएवढी फट.
पाणी इथून मागे पळतं.
पंपाला काही झालेलं नाही. कडं बदलू, पाती घासू."
एवढंच. मी मग विचारलं, किती दिवस?
त्याने मांजरीकडे बघितलं.

तिसऱ्या दिवशी बिल: कडं, ग्रीस, सात तास.
नऊ नव्हे. झोपेचे दोन वजा.
जुनं कडं वर्तमानपत्रात गुंडाळून त्याने हातात ठेवलं,
उलगडलं तर ठिपका वर,
जसा ताटात मानाचा तुकडा वर ठेवतात.
आणि आत, पात्यावरचा ठिपका तसाच:
त्याच्या कडेकडेने कानस फिरलेली,
रंगाला ओरखडा नाही.
"थिनर आसा," तो म्हणाला, "जाय?"
माझे कान तापले. मी पैसे मोजत राहिले,
दोनदा चुकले.

आता डिसेंबर. धक्क्यावर बारा जण,
लाइफजॅकेटं घालून फोटो काढताहेत,
पैसे माझ्या कमरेच्या पिशवीत.
इंजिन चालू करते, फोन लावते,
फोन मागच्या झाकणाशी धरते.
पलीकडे तो ऐकतो. तिथे एक मांजर ओरडते.
मला तर रोजचाच आवाज वाटतो.
"आज नको," तो म्हणतो.
का, ते सांगत नाही. दोनला पाच मिनिटं कमी.

मी चावी फिरवते,
पिशवीची चेन उघडते
आणि पहिल्या माणसाला हाक मारते,
पैसे परत घ्यायला.