डोंगर नंतर आला

आमच्याकडे बोगदा आधी झाला,
डोंगर नंतर आला.
बेथेस्डाच्या या उतारावर
दार उघडलं की डोंगरच अंगावर येतो,
तिथं इद्वलनं ढकलगाडीनं माती वाहिली
आणि माझ्या वाफ्यात कमरेइतका आणखी एक घातला,
बोगद्याला काहीतरी कारण हवं म्हणून.

आत काय, सांडपाण्याचा प्लास्टिकचा नळ.
जीव ओतला तो तोंडाशी.
जानेवारीभर जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याची कमान,
तिच्यातून इंजिन पुढे, इंजिन मागे,
धुराड्यावर दोन बोटं जागा,
वळणावर डब्याचा कोपरा घासतोय,
पुन्हा कात्री, पुन्हा पुठ्ठा.
मी मीठ त्या कमानीखालूनच सरकवायची.

दगड सिलोह चॅपलच्या छपराचा.
चॅपलचे आता फ्लॅट झालेत,
हेफिननं फुटक्या पाट्या पोत्यानं आणून टाकल्या.
इद्वल एकेक कानाशी धरून टिचकी मारी,
नाद बसका आला की भिरकावी.
कमानीला सतरा पाचरी.
"विषमच हव्यात. मधली एकटी राहिली पाहिजे,
दोन्हीकडच्यांना तीच तोलते."
मी म्हटलं, अरे, सिमेंटनं चिकटवल्यास की.
"हो, पण त्यांना ते माहीत नाही."

मधल्या पाचरीवर साल कोरायचं होतं.
कुठलं कोरणार?
डोंगर गेल्या मंगळवारचा.
पंधरा दिवस खिळा हातात घेऊन बसला,
शेवटी पाटी कोरीच बसवली.
माथ्यावर मेणबत्तीची काजळी धरली,
शेवाळ धरावं म्हणून दही फासलं.
ते शेजारच्या मांजरानं चाटलं.
पुन्हा फासलं.

जूनमध्ये गाडी आत गेली
आणि बाहेर आली नाही.
तो या तोंडाशी पालथा, खांद्यापर्यंत हात आत,
"पोचत नाही, मेरेरिड, तू पलीकडून बघ."
पलीकडं म्हणजे शेडच्या मागं,
कुंपण आणि काटेरी झुडपांच्या मधे,
जिथं पाहुणा सोडा, मीही कधी गेले नव्हते.

गुडघे टेकले, टॉर्च लावला,
आणि आधी गाडी दिसलीच नाही.
तशीच कमान. तशीच नाही, जास्त नीट.
दोन्ही अंगांना उतरत्या भिंती,
पाणी जायला सुईएवढी भोकं,
आणि तोंडातून आत, डाव्या हाताला,
नळ कापून दगडानं मढवलेला एक कोनाडा.
माझं बोट दुसऱ्या पेरापर्यंत गेलं.

"हे काय रे?"
डोंगराच्या आतून त्याचा आवाज आला, नळातून येतो तसा:
"माणसाला उभं राहायला.
गाडी आली की त्यात पाठ लावायची,
नाकासमोरून जाते.
रात्रपाळीत मी तिथं डबा खायचो."
एकोणीस वर्षं तो रुळांवर होता.
डब्यात मी काय दिलं ते मला आठवतं,
तो कुठं उभा राहून खातो, हे कधी विचारलं नव्हतं.

कोनाड्यात एक भेक बसला होता,
अंग चोरून, पाठ भिंतीला,
समोर इंजिन थंड. स्पिरिट संपलं होतं, एवढंच.

"मिळाली का?" इद्वल ओरडला.
मिळाली, म्हटलं. थांब जरा.